माशी स्पष्ट दिसली पाहिजे

ऑगस्ट लागला की कोलोराडोतल्या आमच्या रेंजवर कुणी ना कुणी एक प्रश्न घेऊन येतंच: ठासणीच्या बंदुकीवर कोणती पीप साइट बसवू? विचारणारा बहुधा पन्नाशीच्या आगेमागे असतो, सप्टेंबरचा परवाना त्याला मिळालेला असतो आणि दोन-तीन साइटांच्या किमती त्यानं आधीच पाहून ठेवलेल्या असतात. मी एखाद्या मॉडेलचं नाव घ्यावं एवढीच त्याची अपेक्षा असते. मी मात्र आधी त्याला विचारतो: चष्मा कसला आहे? किती अंतरापर्यंत बार काढणार? आणि जनावर उजाडताना समोर येण्याची शक्यता जास्त की उन्हं वर आल्यावर? या तीन उत्तरांनंतर साइट निवडायला फारसा वेळ लागत नाही. त्यांच्याशिवाय निवडलेली साइट कितीही महाग असली तरी जंगलात तिचा भरवसा नसतो, असं माझं इतक्या वर्षांनंतरचं ठाम मत आहे.

कोलोराडोत ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो, सप्टेंबरच्या मध्यावर, जेमतेम ९ दिवसांचा. त्या दिवसांत एल्क माजावर असतात, नर ओरडत फिरतात आणि ॲस्पेनची पानं पिवळी व्हायला लागलेली असतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जवळचं, पण त्याहून बरंच थोराड हरीण. मोठा नर ३०० किलोंच्या वर भरतो. शिकाऱ्याच्या दृष्टीनं याहून चांगले दिवस वर्षात नाहीत, म्हणूनच राज्यानं या हंगामाला कडक नियम घातले आहेत. बंदुकीवर दुर्बीण चालत नाही. बॅटरीवर किंवा कृत्रिम प्रकाशावर चालणारी कुठलीही साइट चालत नाही. दारू सुटीच हवी, तयार वड्या चालत नाहीत, धूरविरहित दारूही नाही. गोळीला प्लॅस्टिकची टोपी घालून ठासता येत नाही आणि गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या दुपटीहून जास्त असता कामा नये. एल्कसाठी नळी किमान .५० कॅलिबरची लागते. नळीच्या टोकाला फायबर ऑप्टिकची चमकणारी माशी तेवढी चालते.

मला हे नियम मनापासून पटतात. शिकाऱ्याला जनावराच्या जवळ जायला लावायचं, हा त्यांचा सरळ हेतू आहे. शेजारच्या न्यू मेक्सिको आणि यूटा राज्यांनीही अलीकडे या बंदुकांवरच्या दुर्बिणींवर निर्बंध आणले, त्यामुळे वर्षानुवर्षं दुर्बिणीतून नेम धरलेली माणसं आता पीप साइटकडे वळत आहेत. त्यांच्या मनात पीप साइट म्हणजे दुर्बिणीची कसर भरून काढणारी वस्तू असते. तिथेच गल्लत होते. कशी, ते पुढे सांगतो.

ठासणीची बंदूक मी पहिल्यांदा पाहिली ती सिंधुदुर्गात, आजोबांच्या घरी. शेतराखणीच्या परवान्यावरची केपाची एकनळी बंदूक, रानडुकरं भातात शिरली की हवेत बार काढण्यापुरती. नळीच्या तोंडातून दारू, वर चिंध्या, वर छर्रे, मग गजानं ठासायचं. तिच्यावर माशी होती, मागे काहीच नव्हतं. छर्ऱ्यांना ते पुरतं. शिकारीचा विषय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर घरात संपलेला होता आणि तो संपला हे योग्यच झालं; आपल्याकडच्या जंगलाची स्थिती वेगळी आहे. कोलोराडोत एल्कची संख्या अमेरिकेत सगळ्यात मोठी आहे, पावणेतीन-तीन लाखांच्या घरात, आणि तिथला वन्यजीव विभाग परवान्यांचा आकडा दर वर्षी कळपांची मोजदाद पाहून ठरवतो. पुण्यातल्या नातेवाइकांना हे प्रत्येक भेटीत नव्यानं सांगावं लागतं, आणि मी ते सांगतोही, कारण शिकार का करतोस हा त्यांचा प्रश्न रास्त असतो.

गोळी मारायची म्हटलं की मागची साइट लागते. बहुतेक ठासणीच्या बंदुका कारखान्यातून येतात त्या नळीवर बसवलेली खाच आणि टोकाला माशी घेऊन. खाचेच्या मधोमध माशी, माशीवर जनावर. म्हणजे डोळ्यापासून दीड-दोन फुटांवरची खाच, तीन फुटांवरची माशी आणि ८० यार्डांवरचं जनावर, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पाहायच्या. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. विशीत तो इतक्या झपाट्यानं पुढे-मागे होतो की तिन्ही स्पष्ट असल्याचा भास होतो. कॉलेजात एनसीसीचे हवालदार ओरडून सांगायचे, फोरसाइटवर नजर ठेव, टार्गेट पुसट दिसलं तरी चालेल. तेव्हा ते नुसतं पाठ केलं होतं.

पंचेचाळिशीच्या सुमारास त्याचा अर्थ कळला. एका सप्टेंबरात खाच धूसर झाली होती. तिच्या दोन्ही कडा कापसासारख्या पसरल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये माशी नेमकी कुठे आहे हे सांगता येईना. कागदावर गोळ्या वर-खाली पसरायला लागल्या, आडव्या मात्र बऱ्यापैकी एका रेषेत. खाचेची वरची कड आणि माशीचं टोक यांची पातळी डोळ्याला ठरवता येत नव्हती, म्हणून उंचीत चूक होत होती. त्या वर्षी मी जंगलात गेलो, दोन वेळा जनावरं पल्ल्यात आली आणि दोन्ही वेळा बंदूक खाली घेतली. परतल्यावर पीप साइट बसवली.

पीप साइट म्हणजे मागच्या खाचेच्या जागी एक गोल भोक, तेही नळीवर नाही तर डोळ्याच्या जवळ, चापाच्या वरच्या भागावर बसवलेलं. त्या भोकाकडे पाहायचं नसतं, त्यातून पाहायचं असतं. भोकाची कड धूसर दिसते आणि ती तशीच असू द्यायची. माणसाची नजर गोलाच्या मध्यावर आपोआप जाते, कारण तिथे उजेड सगळ्यात जास्त असतो. उरल्या दोनच गोष्टी: माशी आणि जनावर. त्यातही नजर माशीवर. भोक लहान असेल तर डोळ्यात शिरणारी किरणं मधली तेवढीच राहतात, त्यामुळे माशीही नीट दिसते आणि जनावरही बऱ्यापैकी नीट दिसतं. चाळिशीचा चष्मा न घालता मुठीच्या बारीक फटीतून वर्तमानपत्र वाचून पाहिलं तर हे कुणालाही पटेल.

दुसरा फायदा हिशेबाचा आहे. नळीवरच्या खाचेपासून माशीपर्यंत साधारण २० इंच असतात. पीप साइट मागे सरकल्यामुळे तेच अंतर ३० इंचांच्या आसपास जातं. माशी धरण्यात इंचाच्या शंभराव्या भागाची चूक झाली तर २० इंचांच्या बंदुकीवर १०० यार्डांवर गोळी १.८ इंच सरकते, ३० इंचांच्या बंदुकीवर १.२ इंच. डोळा तोच, हात तोच, चूक एक तृतीयांशानं कमी. यार्ड म्हणजे मीटरहून थोडा कमी, साधारण ९१ सेंटिमीटर.

पीप साइट बसवली त्या सुमारास एका नेत्रतपासनिसाकडे गेलो आणि त्यांना माझी अडचण समजावून सांगितली. वाचायचा चष्मा त्यांनी बाजूला ठेवला आणि दूरच्या नंबरात फक्त अधिक ०.५० घातला. माशी एकदम कोरल्यासारखी दिसायला लागली, समोरच्या भिंतीवरचा तक्ता किंचित मऊ झाला, पण वाचता येत होता. अर्ध्या नंबरानं डोळ्याची विसाव्याची जागा २ मीटरवर येते; माशी १ मीटरच्या आत, जनावर ८० मीटरवर, आणि भोकाच्या मदतीनं दोन्ही बाजूंची कसर भरून निघते. तेव्हापासून रेंजवर येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की साइटवर पैसे घालण्याआधी डोळे तपासून घे, आणि तपासायला जाताना घरून एक काठी माशीच्या अंतराएवढी तोडून बरोबर ने. डॉक्टरांना तीन फूट म्हणजे किती हे काठीनं लगेच कळतं.

भोक किती मोठं असावं, हा खरा वादाचा विषय. साइटच्या चकत्या आट्यांच्या असतात, फिरवून काढता-घालता येतात. कागदावर नेमबाजी करणारे ०.०५ इंचाचं भोक वापरतात, म्हणजे सव्वा मिलिमीटर. रेंजवर भर दुपारी त्यातून इतकं स्वच्छ दिसतं की नवखा माणूस तीच चकती घेऊन जंगलात जातो. कोलोराडोत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत बार काढायला परवानगी असते, आणि एल्क नेमके त्या दोन अर्ध्या तासांत झाडीबाहेर येतात. तेव्हा डोळ्याची बाहुली पाच-सहा मिलिमीटरपर्यंत पसरलेली असते. तिच्यापुढे सव्वा मिलिमीटरचं भोक धरलं की बहुतेक उजेड बाहेरच अडतो. ०.२ इंचाचं भोक ५ मिलिमीटरचं असतं. वय झालेल्या माणसाची बाहुली अंधारात त्याच्याहून फारशी मोठी होत नाही, म्हणून त्यातून जवळजवळ काहीच उजेड वाया जात नाही.

ही गोष्ट नवी नाही. १८७९ साली विल्यम लायमन यांनी जी साइट पेटंट केली तिचं वैशिष्ट्य हेच होतं: भोक मोठं, कड बारीक. शिकाऱ्याला बारीक भोकाची गरज नाही, डोळा मोठ्या भोकाचाही मध्य शोधतो, हे त्यांनी त्या काळी ओळखलं. तरी आजही माणसं बारीक भोकाच्याच मागे असतात, कारण दुकानात दिवे लख्ख असतात.

रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्याकडे यायचे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालेला. त्यांना मोठ्या भोकातून माशीभोवती प्रकाशाची झालर दिसायची, बारीक भोकातून माशी साफ. म्हणजे त्यांच्या डोळ्याला हवी होती बारीक चकती आणि हंगामाला हवी होती मोठी. आम्ही दोघांनी मिळून एक संध्याकाळ रेंजवर काढली. ऊन उतरत गेलं तसतशी मी चकती बदलत गेलो आणि ते सांगत गेले, आता दिसते, आता नाही. सूर्य डोंगराआड गेल्यानंतर एकही चकती उपयोगाची राहिली नाही. त्या वर्षी त्यांनी पहाटेची शिकार सोडून दिली. दहा वाजता, उन्हं झाडीत उतरल्यावर, एल्क जिथे सावलीला बसायला जातात त्या उतारावर ते हळूहळू चढत आणि तिथेच बसून राहत. त्यांना मादी मिळाली ती भर दुपारी, पन्नास यार्डांच्या आत. साइटनं त्यांच्या शिकारीची वेळ ठरवली, असं ते सगळ्यांना सांगत, आणि मला ते वाक्य फार मोलाचं वाटतं.

मी स्वतः ०.१२५ इंचाची चकती बसवतो आणि पहाटे व संध्याकाळी ती काढून खिशात टाकतो. आट्यांचं उघडं भोक राहतं, कड धुरकट कड्यासारखी दिसते आणि माशी तिच्या मध्यात उभी राहते. फक्त चकती काढल्यावर गोळी कुठे लागते हे आधी कागदावर पाहून ठेवायला हवं. चांगल्या साइटवर फरक पडत नाही, आटे ढिले असतील तर पडतो.

पाऊस आणि हिमाचीही एक गंमत आहे, दहा हजार फुटांवर सप्टेंबरात दोन्ही एकाच दिवशी होतात. लहान भोकात पाण्याचा थेंब बसतो आणि जाम होतो. बंदूक खांद्याला लावायची आणि पुढे नुसता चमकता ठिपका. तोंडानं फुंकर मारली की जातो, पण एल्कपासून चाळीस पावलांवर फुंकर मारून बघा म्हणजे कळेल. ०.२ इंचाच्या भोकात थेंब टिकत नाही.

आता फिरवता येणाऱ्या साइटांविषयी, कारण बहुतेकांचा प्रश्न खरं म्हणजे त्यांच्याविषयीच असतो. उंची आणि बाजू स्क्रूनं कमी-जास्त करता येते, प्रत्येक टकटक मोजता येते. नियम सोपा आहे: गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची साइट न्यायची. किती न्यायची तेही सरळ त्रैराशिकानं निघतं. दोन साइटांत ३० इंच असतील तर १०० यार्डांवर गोळी १ इंच हलवायला साइट इंचाच्या सुमारे आठ हजारांश भागानं हलवावी लागते. चांगल्या कागदाच्या दोन पानांएवढी जाडी ती. हे हातोडीनं ठोकून सरकवायच्या खाचेवर कधीच नीट जमत नाही. म्हणून फिरवता येणारी साइट हवीच, याबद्दल मला शंका नाही. दारूचं माप बदललं, गोळी बदलली, चष्मा बदलला की गोळी वेगळ्या जागी जाते आणि साइट नव्यानं बसवावी लागते.

पण बरेचजण ती घेतात वेगळ्याच कारणासाठी. त्यांना ती जंगलात फिरवायची असते. १०० यार्डांची खूण, १५० ची खूण, २०० ची खूण. साइटच्या कडेला नेलपॉलिशनं ठिपके लावून आलेला एक तरुण मला आठवतो. हिशेब चुकीचा नव्हता. .५० कॅलिबरची ३८५ ग्रेनची शिशाची गोळी ९० ग्रेन दारूवर सेकंदाला १४०० फुटांच्या आसपास वेगानं सुटते. १०० यार्डांवर बसवलेली बंदूक १५० यार्डांवर नऊएक इंच खाली मारते. ते भरून काढायला साइट अर्धा दशांश इंच, म्हणजे सव्वा मिलिमीटर, वर न्यायची. कागदावर त्यानं ते करून दाखवलं, गोळ्या बरोबर मध्यात.

मी त्याला कागदाच्या जागी खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेलं तपकिरी हरीण लावून दिलं, जवळजवळ गवताच्या रंगाचं, आणि म्हटलं, आता माशी ठेव. त्याची माशी एक सोळांश इंच रुंद होती. डोळ्यापासून तीन फुटांवर ती १०० यार्डांवरचे सहा इंच झाकते, १५० वर नऊ. हरणाचं काळीज आणि फुफ्फुसं जेमतेम नऊ-दहा इंचांच्या घेरात असतात. म्हणजे जिथे मारायचं ती जागाच माशीखाली गायब. शिवाय अंतराचा अंदाज २० यार्डांनी चुकला, १७० ला १५० समजलं, तर गोळी आणखी चार-पाच इंच खाली. आणि तेवढं अंतर कापायला तिला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. चरणारं जनावर तेवढ्यात एक पाऊल टाकतं. पोटात लागलेलं हरीण रात्रभर चालतं. त्याच्या मागे कंदील घेऊन फिरलेल्या माणसाला २०० च्या खुणेचा मोह राहत नाही.

तो तरुण क्रीडमूरचं उदाहरण द्यायचा, आणि ते उदाहरण मलाही प्रिय आहे. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर आयर्लंड आणि अमेरिका यांच्या नेमबाजांचा सामना झाला. अमेरिकनांकडे मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन रायफली होत्या, आयरिश मंडळींकडे डब्लिनच्या रिग्बींनी घडवलेल्या ठासणीच्या. ८००, ९०० आणि १००० यार्ड. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. त्यातही एका आयरिश नेमबाजाची अचूक गोळी शेजारच्याच्या फळीवर गेली आणि मोजली गेली नाही. ठासणीच्या बंदुकीवरची फिरवता येणारी पीप साइट हजार यार्डांवर काय करू शकते याचा याहून मोठा पुरावा नको. पण त्या मैदानावर अंतर मोजून आखलेलं होतं, फळी हलत नव्हती, गोळी हुकली तर फळीला वेदना होत नव्हती, आणि नेमबाजाला दोन गोळ्यांमध्ये नळी पुसायला पाहिजे तेवढा वेळ होता. आमच्या पिवळ्या झाडीत यातलं काहीच नसतं. मी त्याला एवढंच म्हटलं की साइट फिरवायची ती ऑगस्टमध्ये रेंजवर. सप्टेंबरात तिला हात लावायचा नाही. ठिपके त्यानं पुसले नाहीत. दोन वर्षांनी आला तेव्हा त्याची साइट एकाच जागी कुलूपबंद होती, कारण मी विचारलं नाही.

कुलूपबंद, हे महत्त्वाचं. साइट निवडताना मी सगळ्यात आधी पाहतो ते हे की बसवल्यावर ती पक्की आवळता येते का. काही साइटांना हातानं फिरवायच्या मोठ्या गुंड्या असतात. रेंजवर सोयीच्या, जंगलात त्रासाच्या. एक शेजारी चारचाकी मोटरसायकलवरून बंदूक म्यानात घालून तळावर पोचला. वाटेत म्यानाला घासून बाजूची गुंडी फिरली. त्याची सवय चांगली होती, तळावर पोचल्यावर तो एक बार कागदावर काढायचाच. गोळी फूटभर उजवीकडे गेली म्हणून कळलं. ज्या साइटचे स्क्रू पेचकसानं फिरतात आणि वर आवळायचा वेगळा स्क्रू असतो, ती मला जास्त विश्वासाची वाटते. मिशिगनच्या विल्यम्स कंपनीची एफपी मालिका तशी मिळते, गुंड्यांचीही आणि बिनगुंड्यांचीही. शिकारीसाठी मी दुसरी सुचवतो. बसवताना स्क्रूंच्या आट्यांना निळं लॉकटाइट लावायचं, आणि सगळं पक्कं झालं की साइटच्या हलत्या आणि स्थिर भागावरून सुईनं एक बारीक आडवी रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की साइट हलली. रोज पहाटे गाडीच्या दिव्यात ती रेघ पाहणं हा माझ्या सकाळचा भाग झाला आहे.

माशीबद्दल लोक सगळ्यात शेवटी विचारतात, खरं तर तिच्याबद्दल आधी विचारायला हवं. पीप साइट खाचेपेक्षा उंच बसते. जुनी माशी तशीच ठेवली तर मागची साइट अगदी तळाला नेली तरी गोळी वर जाते, मग उंच माशी घ्यावी लागते. ती किती उंच हे पुन्हा त्याच त्रैराशिकानं काढायचं आणि किंचित जास्तच उंच घ्यायची, कारण कानशीनं कमी करता येते, वाढवता येत नाही. माशी घासली की गोळी वर जाते, हे लक्षात ठेवायचं. फायबरची चमकदार माशी अंधारात जीव वाचवते, पण प्रखर उन्हात फुलते आणि आणखी जागा झाकते. मी बारीक फायबर वापरतो आणि ऊन तळपलं की तिच्यावर काडेपेटीची काजळी धरतो. काजळी बोटानं पुसली की पुन्हा फायबर.

काहींना मी पीप साइट घेऊच देत नाही. गनिसनकडच्या एक परिचारिका आल्या होत्या, तिशीच्या, डोळे उत्तम, शिकार दाट झाडीत, तीस-चाळीस यार्डांवर. कारखान्याच्या खाचेतून त्यांच्या गोळ्या कपाएवढ्या घेरात बसत होत्या. दाट झाडीत जनावर अचानक उभं राहतं, तेव्हा खाच पटकन सापडते. ते पैसे शिशावर आणि दारूवर घाला, असं सांगितलं. त्यांनी तसं केलं आणि दर शनिवारी सरावाला येत राहिल्या. पुढे डोळा बदलला की पीप साइट आहेच.

रेल्वेचे ते गृहस्थ गेल्या वसंतात पुन्हा आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यात दूरच्या नंबराचं कृत्रिम भिंग बसवलं होतं. डोंगरावरचं झाड न झाड दिसतं, म्हणाले, पण माशी विरघळली. कृत्रिम भिंग जवळ-दूर होत नाही, ते एका अंतरावर बसलेलं असतं. आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. चष्म्याच्या काचेवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा, त्याला भोक, एकदा पंच मशीनचं, एकदा दाभणाचं. कोणत्या भोकातून माशीची वरची कड सरळ दिसते ते आधी घरी खिडकीत उभं राहून पाहायचं आणि मगच चकती मागवायची. दाभणाच्या भोकातून दिसली, पण उजेड गेला. मग अधिक ०.५० चा सुरक्षा चष्मा करून घेतला आणि भोक ०.०९३ वर आलं. झालर गेली होती, म्हणून संध्याकाळही आता थोडी उशिरापर्यंत दिसत होती. जुलैत त्यांनी ७५ यार्डांवर तीन-तीन गोळ्या मारून पाहिल्या, प्रत्येक गोळीनंतर नळी पुसून, नळी गार होऊ देऊन. घेर चार इंचांच्या आत येत होता. साइटमध्ये आणखी वर न्यायला भरपूर जागा होती. त्यांनी आवळायचा स्क्रू आवळला, सुईनं रेघ ओढली आणि परवान्याच्या मागे पेन्सिलीनं स्वतःसाठी लिहून ठेवलं: ७५.